कढईतले पाम तेल कुठून येते, एवढे तरी विचारा : सोलापूरच्या फरसाण, बेकरी व खाद्यतेल व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील फरसाण, मिठाई व बेकरी व्यावसायिक, उपाहारगृहचालक आणि खाद्यतेलाचे घाऊक व किरकोळ व्यापारी

विषय : आपण खरेदी करीत असलेल्या पाम तेलाच्या उगमाची लेखी विचारणा करण्याबाबत

सन्माननीय व्यावसायिक बंधुभगिनींनो,

आपल्या गोदामात येणाऱ्या पामोलिनच्या डब्यातले तेल कोणत्या देशातले, कोणत्या कंपनीने आणलेले आणि शक्य असेल तर कोणत्या गिरणीत काढलेले आहे, हे आपण पुरवठादाराला लेखी विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावावे, या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे आणि आपल्यापैकी अनेकांचा जुना गिऱ्हाईक आहे. पाम तेल वापरणे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ते का नाही, याचा खुलासा पुढे केला आहे.

पाम तेल आपल्या धंद्यात किती खोलवर गेले आहे, हे मी आपल्याला सांगायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पहाटेच्या गारठ्याने डब्यातले पामोलिन गढूळ होऊन तळाशी दाणेदार साका धरते आणि कारागीर तो डबा भट्टीच्या कडेला सरकवून ठेवतो, हे दृश्य मंगळवार पेठेच्या आसपास कोणत्याही तळणीच्या दुकानामागे पाहायला मिळते. या तेलातील जवळजवळ निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त असल्यामुळे असे होते. याच गुणामुळे ते कढईत लवकर खराब होत नाही, शेव-पापडीला खवट वास लवकर येत नाही आणि खारी-टोस्टला वनस्पती तुपासारखा खुसखुशीतपणा येतो. अन्नातील ट्रान्स फॅटची मर्यादा 2022 पासून 2 टक्क्यांवर आल्यानंतर बेकरीला वनस्पती तुपाऐवजी पामचा आधार आणखी वाटू लागला, आणि ट्रान्स फॅटच्या तुलनेत ते आरोग्याला कमी घातक आहे. शिवाय ते बहुतेक वेळा स्वस्त असते. बंद पाकिटावर ‘पामोलिन’ हा शब्द बारीक अक्षरांत का होईना छापलेला असतो. सुट्या फरसाणाच्या परातीवर मात्र काहीच लिहिलेले नसते, आणि आपल्या शहरात आजही बरेचसे फरसाण सुटेच विकले जाते.

हे तेल देणारे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. त्याची चार रोपे 1848 मध्ये जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि आग्नेय आशियातील लागवडीचा मोठा भाग त्या रोपांच्या वंशातून पसरला. आज जगातील सुमारे 85 टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश काढतात. या झाडाला वर्षभर सारखा पाऊस, दमट हवा आणि भरपूर ऊन लागते. म्हणजे नेमके तेच हवामान, ज्यात पृथ्वीवरची सर्वांत दाट वर्षावने वाढतात. त्यामुळे सुमात्रा आणि बोर्निओमध्ये पामचा मळा आणि जंगल एकाच जमिनीचे दावेदार झाले. त्यात भर अशी की पामचे घड तोडल्यावर साधारण एका दिवसात गिरणीत पोचले नाहीत, तर तेलातील मुक्त आम्ल वाढते आणि तेलाची प्रत उतरते. म्हणून गिरणी मळ्याजवळच उभी करावी लागते, तिच्यासाठी रस्ते काढावे लागतात, आणि रस्ता आला की त्यामागून लाकूडतोड आणि आणखी मळे आत शिरतात.

या जंगलाखालची जमीनही साधी नाही. सुमात्रा आणि बोर्निओच्या किनारी सखल भागांत हजारो वर्षे पाण्यात पडून राहिलेल्या, पूर्ण न कुजलेल्या पालापाचोळ्याचे, मुळांचे आणि खोडांचे थर साचले आहेत. काही ठिकाणी ते 10 मीटरहूनही खोल आहेत. त्याला पीट म्हणतात. पाणी भरलेले असेपर्यंत पीटमधला कार्बन जागचा हलत नाही. मळा लावण्यासाठी चर खणून पाणी काढून दिले, की तोच थर वाळतो, हवेतल्या प्राणवायूने हळूहळू जळत राहतो आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर खरोखरच पेटतो. ही आग जमिनीखालून सरकते. वरून विझलेली दिसते, पण आठवड्यांनंतर दुसरीकडे धूर काढते. जंगल तोडून जाळले तर लाकडातला कार्बन एकदा हवेत जातो, पण पीटचा निचरा केला तर पाणी पुन्हा भरेपर्यंत तो वर्षानुवर्षे जातच राहतो. पाम तेलाचा हिशेब मांडताना हा फरक सगळ्यांत जास्त महत्त्वाचा आहे, कारण साध्या जमिनीवरच्या मळ्यातला डबा आणि निचरा केलेल्या पीटवरचा डबा आपल्या गोदामात अगदी सारखे दिसतात.

वर्षावन तोडल्याने हवामानावर होणारा परिणाम केवळ कार्बनपुरता नाही. मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडते. त्या बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते, म्हणून जंगल थंड राहते, आणि तीच वाफ पुढे ढग होऊन पुन्हा बरसते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा साधारण निम्मा भाग हा जंगलानेच परत हवेत सोडलेल्या पाण्याचा असतो, हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी 1970 च्या दशकात पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) दाखवून दिले. झाडे काढली की हे चक्र त्या जागी तुटते. नुकतीच मोकळी केलेली जमीन शेजारच्या जंगलापेक्षा भर दुपारी कित्येक अंशांनी जास्त तापते. मोठा झालेला पामचा मळा सावली धरतो आणि हा फरक बराच कमी करतो, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही; पण पहिली काही वर्षे जमीन उघडी असते, आणि जुना मळा काढून नवा लावताना ती पुन्हा उघडी पडते.

आता आपल्याकडे येतो. 2015 हे साल सोलापूरकर विसरलेले नाहीत. त्या वर्षी प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो, म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याची स्थिती, होता. त्याने आपल्याकडचा मोसमी पाऊस ओढून धरला आणि त्याच वेळी इंडोनेशियाचा पाऊसही हिरावला. तिकडे निचरा केलेले पीट कोरडे पडले, मळ्यांसाठी जमीन साफ करायला लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या काही दिवसांत या आगींतून रोज बाहेर पडणारे हरितगृह वायू अमेरिकेच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या रोजच्या उत्सर्जनापेक्षा जास्त होते. धुराने सिंगापूर आणि मलेशियातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इकडे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ रेल्वे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी आपल्याच जिल्ह्यातून गेली. ज्या तेलात आपण 2015 च्या दिवाळीचे फरसाण तळले, त्यातले काही तेल ज्या मुलखातून आले, तो मुलूख तेव्हा धुरात होता आणि आपण टँकरच्या रांगेत होतो.

येथे एक खबरदारी घेतो. आपला दुष्काळ इंडोनेशियातल्या जंगलतोडीमुळे पडला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. एल निनो पूर्वीही येत असे आणि सोलापूर पर्जन्यछायेत तेव्हाही होते. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्या वर्षी उजनी भरले नाही आणि 2024 च्या उन्हाळ्यात ते वजा पातळीत खोल गेले. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावे पाण्याखाली गेली. यातल्या कोणत्याही एका घटनेचे खापर एखाद्या दूरच्या मळ्यावर फोडता येत नाही. ज्यावर दुमत नाही ते एवढे : माणसाने दरवर्षी हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण दहावा हिस्सा जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातील बदलांतून येतो, त्यातला बहुतेक उष्ण कटिबंधातला असतो, आणि तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावत असल्याने पाऊस आला तर कोसळतो आणि नाही आला तर जमीन लवकर वाळते. या दोन्हींचा अनुभव आपल्या जिल्ह्याने अवघ्या दोन-अडीच वर्षांत घेतला आहे.

जंगल आणि पाऊस यांचा संबंध परमुलखातलाच आहे, असेही नाही. पश्चिम घाटातील जंगलांनी हवेत सोडलेले बाष्प तामिळनाडूतील नैर्ऋत्य मोसमी पावसाला मोठा हातभार लावते आणि कमी पावसाच्या काळात हा वाटा आणखी वाढतो, असे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2018 मध्ये मांडले. आपण पितो ते उजनीचे पाणीही भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात उगम पावणाऱ्या भीमेचेच आहे. पण तो विषय वनखात्याशी बोलण्याचा. हे पत्र आपल्याला आहे.

‘मग पाम सोडून सोयाबीन तेल वापरतो’ असे कोणी म्हणेल. तसे केल्याने प्रश्न जागचा हलतो, सुटत नाही. आपल्याकडे येणारे आयात सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचे असते, आणि ब्राझीलमध्ये कुरणे व सोयाबीन यांनी ॲमेझॉनच्या कडा आणि सेराडोचा माळ कसा खाल्ला, हे जगजाहीर आहे. मूळ ॲमेझॉन जंगलापैकी सहाव्या हिश्श्याहून अधिक आजवर नाहीसे झाले आहे. हे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांवर गेले, तर पूर्वेकडचा आणि दक्षिणेकडचा मोठा भाग पुन्हा जंगल न होता विरळ झाडीच्या माळात बदलेल, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये दिला. शिवाय पामचे एक हेक्टर वर्षाला तीन-चार टन तेल देते. तेवढ्या तेलासाठी सोयाबीनला कितीतरी पट जमीन लागते. जगातील तेलबियांच्या जमिनीपैकी दहा टक्क्यांहून कमी जमिनीवर पाम उभा आहे आणि वनस्पतिजन्य तेलाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तो देतो. बंदीची मागणी मी करीत नाही, ती या हिशेबामुळे. पाम कुठल्या जमिनीवर उभा आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मागितल्याशिवाय मिळत नाही.

या बाबतीत मागितल्याने फरक पडतो, याचा पुरावा आहे. शाश्वत पाम तेलासाठीची आरएसपीओ ही संस्था 2004 मध्ये सुरू झाली. तिच्या त्रुटींवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती बरीचशी रास्त आहे. तरी 2018 मध्ये तिने नवी जंगलतोड आणि पीटवरची नवी लागवड नाकारणारे नियम केले. मोठ्या खरेदीदारांनी दबाव आणल्यावर 2013 च्या अखेरीपासून बड्या तेल-व्यापारी कंपन्यांनी ‘जंगलतोड नाही, पीट नाही, पिळवणूक नाही’ अशी धोरणे जाहीर केली. मूळ जंगल आणि पीटची जमीन साफ करण्याच्या नव्या परवान्यांवर इंडोनेशियाने 2011 मध्ये लावलेली स्थगिती 2019 मध्ये कायम केली. तेथील पामसाठीची जंगलतोड एका दशकापूर्वीच्या तुलनेत बरीच उतरली, हे त्या देशाच्या पदरात टाकायला हवे. पण जगातील पाम तेलापैकी प्रमाणित तेल आजही पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे, आणि त्यातलेही सगळे प्रमाणित म्हणून विकले जात नाही, कारण तसे मागणारे गिऱ्हाईक कमी आहे. भारत हा पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. गेल्या काही वर्षांत आपली आयात वर्षाला साधारण 75 ते 100 लाख टनांच्या दरम्यान राहिली आहे. युरोप तेलाच्या उगमाचा कागद मागतो आणि आपण फक्त भाव विचारतो. व्यापारी माणसाला मी काय सांगावे, की जो गिऱ्हाईक माल पाखडून घेत नाही, त्याच्या पोत्यात काय भरले जाते?

‘आम्ही महिन्याला मोजके डबे उचलणारी माणसे, आमचे कोण ऐकणार?’ हा आक्षेप माझ्या कानावर आला आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बंदरावरच्या टाक्यांत दहा ठिकाणचे तेल एकत्र होते. सोलापूरच्या एका दुकानासाठी वेगळे तेल कोणी भरून पाठवणार नाही. पण मिसळलेल्या तेलातही प्रमाणित तेलाचा हिस्सा वहीत धरून तेवढाच माल तसा विकण्याची पद्धत आज चालू आहे. तिला ‘मास बॅलन्स’ म्हणतात. मोठ्या आयातदार आणि शुद्धीकरण कंपन्या आपण कोणत्या गिरण्यांकडून तेल घेतो, याच्या याद्या आपल्या संकेतस्थळांवर ठेवतात. म्हणजे आपल्या डब्यावर ज्या कंपनीचे नाव आहे, तिची यादी आहे का, एवढे तरी घरबसल्या पाहता येते. एकेका दुकानाने विचारले तर वितरक हसण्यावारी नेईल. पण शहरातील फरसाण आणि बेकरी व्यावसायिकांच्या संघटनांनी आणि तेलाच्या घाऊक व्यापाऱ्यांनी मिळून एकच पत्र दिले, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. यादी नसलेल्या कंपनीपेक्षा यादी असलेल्या कंपनीला, भाव सारखा असताना, प्राधान्य द्यावे. भाव सारखा नसेल तेव्हा काय करायचे ते आपण ठरवावे. तुमच्या गल्ल्याचा हिशेब मी करू इच्छित नाही.

याला धंद्याची बाजूही आहे. एप्रिल 2022 च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद ठेवली, तेव्हा डब्याचे भाव कसे उसळले, हे आपल्याला आठवत असेल. एकाच झाडावर आणि दोनच देशांवर कढई टांगलेली असण्यातला हा धोका आहे.

आपली कढई नेहमीच अशी टांगलेली नव्हती. तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान 1986 मध्ये सुरू झाले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि आज आपण निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. या उलथापालथीत सोलापूरचे जे गेले, ते करडई. रब्बीच्या ज्वारीभोवती, जनावरांनी आत शिरू नये म्हणून, करडईच्या काटेरी ओळी पेरण्याची आपल्याकडची रीत होती. पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येत असे आणि कोवळ्या पाल्याची भाजी होत असे. सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रात या पिकावर अनेक दशके काम झाले, ‘भीमा’ हा वाण येथलाच. पण काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. दव असताना, पहाटे, हातापायांना फडकी गुंडाळून काढायचे हे पीक हरभऱ्याने आणि पाटाचे पाणी मिळाले तिथे उसाने बाजूला सारले. काटे नसलेले वाण आले, तोवर घाणे मोडीत निघाले होते.

करडई पामची जागा घेईल, असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू करडईचे तेल हेक्टरी दोन-अडीचशे किलोच्या आसपास निघते, आणि नेहमीच्या करडई तेलात लिनोलिक आम्ल 75 टक्क्यांच्या आसपास असल्याने ते कढईत वारंवार तापवायला योग्य नाही. त्याचे लवकर ऑक्सिडीकरण होते. तळणीसाठी शेंगदाण्याचे तेल बरे, आणि ओलिक आम्ल जास्त असलेले करडईचे नवे वाण आता निघाले आहेत, त्यांचे तेल तापवल्यावरही टिकते. पण आपल्या जिल्ह्यात आधीच नांगराखाली असलेल्या जमिनीवर, धरणाचे पाणी न मागता येणारे हे तेल आहे आणि त्यासाठी कुठलेही जंगल पडत नाही. चिवड्याच्या फोडणीला, भडंगाला, वर्षातून एखाद्या खास खेपेला ते वापरून पाहावे, पिशवीवर तसे छापावे आणि दोन पैसे जास्त घ्यावेत. शेंगाचटणी आणि कडक भाकरीला पुण्या-मुंबईत सोलापूरचे नाव लावून जास्त भाव मिळतो, तर करडईतल्या चिवड्याला का मिळू नये?

तेलाच्या व्यापाऱ्यांना आणखी एक विनंती. आयात शुल्क वाढले किंवा उतरले की आपल्या संघटना सरकारला निवेदने देतात. केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटी रुपयांचे पाम लागवडीचे अभियान मंजूर केले आणि त्यात ईशान्य भारत व अंदमान-निकोबार बेटांवर भर दिला. ही दोन्ही ठिकाणे आपल्या देशातील वर्षावनांची आहेत. सुमात्रात जे झाले, ते पाहून झाल्यावर तेच घरात करू नये आणि नवी लागवड आधीच पडीक किंवा शेतीखाली असलेल्या जमिनीपुरतीच ठेवावी, एवढे एक वाक्य पुढच्या निवेदनात घालावे. खाद्यतेलाच्या व्यापाऱ्यांनी असे लिहिले, तर दिल्लीत ते पर्यावरणवाद्याच्या पत्रापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचले जाईल, असे मला वाटते.

दिवाळीच्या तेलाचे सौदे दसऱ्याच्या आधी होतात. त्या खरेदीपत्रावर ‘तेलाचा देश, आयातदार आणि गिरण्यांची यादी कळवावी’ ही ओळ या वर्षी घालावी, अशी विनंती आहे. संघटनेने विचारणापत्र द्यायचे ठरवल्यास त्याचा मसुदा लिहून देण्याची आणि कंपन्यांच्या याद्या वाचून त्यांचा मराठीत गोषवारा करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक सोलापूरकर ग्राहक